ध्यानाची बैठक

ध्यानधारणेविषयीं आपल्या घरांत जें बोलणें चालतें तें बहुधा मनाविषयीं चालतें. मन कसें आवरावें, तें कोठें जडवावें, पळालें असतां परत कसें आणावें, यांवर घरांतील वडील मंडळी तासन्‌तास बोलतील. परंतु हें सर्व होईपर्यंत ज्या शरीरानें जमिनीवर बसून राहावयाचें असतें, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. अनुभव पाहावा तर असा कीं, बैठकीला वीस मिनिटें होतात न होतात तोंच पहिलें बंड उभारतात ते गुडघे, कंबर आणि घोटे. मनाची पाळी त्यांच्या मागून येते. म्हणून या महिन्यांत मनाला क्षणभर बाजूस ठेवून केवळ बैठकीविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे.

या विषयाला निमित्त झाल्या त्या आमच्या घरांतल्या काकू. काकूंचें वय आज अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हांपासून पहाटे देवघरांत पाटावर बसून तासभर जप करावयाचा आणि त्यानंतर अर्धा तास नुसतें डोळे मिटून बसावयाचें, हा त्यांचा नेम. घरांत बाळंतपणें झालीं, लग्नकार्यें झालीं, दुखणींखुपणीं झालीं. नेम चुकला नाहीं. गेल्या चातुर्मासांत मात्र तो बंद पडला, आणि घरांतील आम्हां दहा माणसांपैकीं एकाच्याही तें लक्षांत आलें नाहीं. शेवटीं धाकट्या सूनबाईनें एके दिवशीं सहज विचारलें, "काकूआजी, हल्लीं देवापुढें दिवा लावून तुम्ही लगेच बाहेर कशा येतां?" तेव्हां कळलें कीं, गुडघे इतके धरले आहेत कीं पाटावर एकदां बसलें म्हणजे आपलें आपल्याला उठवत नाहीं, कोणाला हांक मारावी तर पहाटे मुलांची झोपमोड, म्हणून त्यांनीं अंथरुणांत पडूनच जप चालविला होता, आणि पहिली माळ पुरी होण्याच्या आंत त्यांचा डोळा लागत होता. "इतक्या वर्षांचें जोडलेलें सगळें झोपेंत चाललें," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि जेवणाच्या टेबलाशीं खुर्चीवर बसून भाजी निवडूं लागल्या.

काकूंना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितपत होता, हें वाचकांना प्रथम सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका ध्यानशिबिरास गेलों होतों. दाराशींच लहानमोठ्या उशांचा ढीग रचलेला होता व ज्याला जशी हवी तशी त्यानें घ्यावी अशी सूचनाही दिलेली होती. परंतु आमच्या घराण्यांत तीन पिढ्यांची संध्या पाटावर मांडी घालून झालेली. आम्ही उशी घेणार? रांगेंत आमच्या दोहों बाजूंस पंचविशीचे तरुण. त्यांच्या देखत आम्हीं पद्मासन घातलें आणि तासभर तें सोडलें नाहीं. घंटा झाली तेव्हां मोठ्या ऐटीनें उठावयास गेलों, तों उजवें पाऊल जागेवर नाहींच! तें होतें, पण त्याची जाणीव नव्हती. पाऊल वांकडें पडलें आणि आम्ही शेजारच्या तरुणाच्या अंगावर कोसळलों. घोटा मुरगळला, तीन आठवडे तो पट्ट्यांत बांधून घरीं बसलों. त्या विश्रांतींत विचार करावयास पुष्कळ सवड मिळाली, आणि मनाशीं कबूल करावें लागलें कीं, त्या तासांत आम्हीं ध्यान केलें होतें खरें, पण तें केवळ गुडघ्याचें. इतर वेळ गेला तो, आपण हलत नाहीं हें शेजारी पाहत आहेत कीं नाहीं, या चिंतनांत. दोष शिबिराचा नव्हता, उशांचा नव्हता. दोष आमच्या ऐटीचा होता.

मग आम्हीं घरांतले ग्रंथ काढून पाहिले. आसनाविषयीं योगसूत्रांत पुष्कळ विस्तार असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत दुसऱ्या पादांत याविषयीं अवघीं तीन सूत्रें आहेत. आसन स्थिर असावें व सुखावह असावें; प्रयत्न सैल पडून चित्त अनंताशीं एकरूप झाल्यानें तें साधतें; आणि तें साधलें म्हणजे शीतोष्णादि द्वंद्वांचा त्रास होत नाहीं; असा त्यांचा आशय. त्यांत कोणत्याही एका आसनाचें नांव नाहीं. नांवें दिलीं तीं भाष्यकारांनीं. व्यासभाष्यांतील यादींत पद्मासन, वीरासन, स्वस्तिक इत्यादि येतात, पण त्याच यादींत 'सोपाश्रय' म्हणजे आधारासहित असें एक आसन आहे, आणि अखेरीस 'यथासुख' असाही एक प्रकार आहे. ज्यास जसें सुख होईल तसें! आधार घेणें ही आसनांतली पळवाट नसून तें स्वतःच एक आसन आहे, हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों.

या आधाराच्या खुणा आपल्या डोळ्यांसमोर आहेत, फक्त आपण त्या आधार म्हणून पाहत नाहीं. हंपी येथील लक्ष्मी-नरसिंहाची प्रचंड मूर्ति कृष्णदेवरायाच्या काळीं, इ. स. १५२८ मध्यें, घडविली गेली. तिच्या गुडघ्यांभोंवतीं एक रुंद पट्टा कोरलेला दिसतो; तो योगपट्ट. वाचस्पतिमिश्रांनीं 'सोपाश्रय' या शब्दाचा अर्थ सांगतांना या योगपट्टाचाच उल्लेख केला आहे. गुडघे व पाठ यांभोंवतीं वस्त्राचा पट्टा बांधला म्हणजे शरीराचा भार त्यावर टेंकतो आणि स्नायूंना विसांवा मिळतो. तितकें दूर जावयास नको असेल तर सज्जनगडास जावें. तेथें समर्थांच्या वस्तूंत त्यांची कुबडी ठेवलेली आहे. भिंतीवरच्या तसबिरींत समर्थांच्या कांखेखालीं किंवा हाताखालीं ती आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. दीर्घकाळ जपाला बसणाऱ्यानें बाहूचा भार कशावर तरी टेंकावा, हा तिचा साधा उपयोग. ज्यांनीं बलोपासना शिकविली त्यांना कुबडी चालली, आणि आम्हांस उशी चालली नाहीं!

आतां शरीराकडे वळूं. आपला पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेशीं आणि कंबरेशीं तो आंत वळतो व छातीच्या मागें बाहेर वळतो. या वळणांमुळेंच डोक्याचें व धडाचें ओझें फारसे श्रम न होतां खालपर्यंत पोंचतें. या इमारतीचा पाया म्हणजे कटीचें हाड. ज्यांचे खुबे आखडलेले आहेत, आणि दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्या पुष्कळांचे ते तसे असतात, त्यांनीं सपाट जमिनीवर मांडी घातली कीं हा पाया मागें कलंडतो. कंबरेचें आंतलें वळण नाहींसें होतें, पाठीला पोंक येतें, आणि मग डोकें पुढें लोंबूं नये म्हणून पाठीच्या स्नायूंना एकसारखें ओढून धरावें लागतें. वडील माणसें "ताठ बस" म्हणून ओरडतात आणि मुलगा दोन मिनिटें ताठ बसून पुन्हां वांकतो, तो आळशी असतो म्हणून नव्हे. पायाच कललेला असतां वरची भिंत किती वेळ सरळ राहणार?

याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. जमिनीवर मांडी घालून बसावें व एक हात कंबरेच्या मागें ठेवावा. कंबर बाहेर आल्याचें हाताला कळेल. मग एका घोंगडीची चार ते सहा बोटें उंच, घट्ट घडी करून तिच्या केवळ पुढच्या कडेवर बसावें. गुडघे खुब्यांपेक्षां खालीं जातात, कटीचें हाड किंचित् पुढें झुकतें, आणि कोणीं न ओरडतां पाठ आपोआप सरळ होते. दोन गुडघे व बैठक अशा तीन ठिकाणीं भार टेंकला म्हणजे आसनाला तिवईसारखी स्थिरता येते. गुडघे जमिनीस लागत नसतील तर ते दाबूं नयेत. घडी आणखी उंच करावी, अथवा त्यांच्याखालीं धोतराची किंवा जुन्या लुगड्याची गुंडाळी सारावी. हातांचा भार खांद्यांना ओढीत असेल तर मांडीवर एक दुपटें घडी करून त्यावर हात ठेवावे. हनुवटी थोडी आंत, दृष्टि किंवा मिटलेले डोळे सौम्य, जबडा सैल. गादी फार मऊ घेऊं नये. ती एका बाजूस दबते आणि कणाही त्याच बाजूस कलतो.

पद्मासनाविषयीं दोन शब्द वेगळे लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्या घरांत त्याचा मान मोठा आहे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा. पाय बाहेर वळविण्याचें काम खुब्याचें. पाऊल मांडीवर घेतांना खुबा पुरेसा वळला नाहीं तर राहिलेला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो, आणि त्याच्या आंतल्या कूर्चेच्या गादीस इजा होऊं शकते. म्हणून मांडींत किंवा खुब्याजवळ ताण बसत असेल तर तो सवयीनें कमी होण्याची आशा धरावी. पण गुडघ्याच्या आंत टोंचूं लागलें कीं तें आसन तत्काळ सोडावें. तेथें सहनशीलता दाखविणें ही तपश्चर्या नव्हे. ज्यांना पद्मासन सहज साधतें त्यांनीं तें अवश्य घालावें. इतरांनीं दोन्ही पाय एकापुढें एक जमिनीवरच ठेवावे, किंवा वज्रासनांत टांचा व बैठक यांच्यामध्यें एक जाड उशी घ्यावी. घरांतील मुलांना बसावयास शिकवितांनाही त्यांचे पाय ओढून मांडीवर चढवूं नयेत.

पायाला मुंग्या येतात त्या केवळ रक्त थांबल्यानें, अशी घरोघर समजूत आहे. मुख्य कारण मात्र मज्जातंतूंवर पडणारा दाब हें आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक मज्जातंतु पावलाकडे जातो. तेथें तो कातडीच्या अगदीं लगत असल्यामुळें सहज दाबला जातो. थोड्या वेळाच्या मुंग्या निरुपद्रवी असतात, पण रोज तोच दाब फार वेळ पडत राहिला तर पाऊल वर उचलण्याची शक्तीच कांहीं काळ मंदावूं शकते. म्हणून मुंग्या येऊं लागतांच पायांची अदलाबदल करावी. उठतेवेळीं आधीं पाय लांब करावे, बोटें हलवावीं, तळव्याला जमिनीचा थंडपणा कळूं लागला म्हणजे भिंतीला हात लावून उठावें. हें एक वाक्य आम्हांस वेळेवर कोणीं ऐकविलें असतें आणि आम्हीं तें ऐकलें असतें, तर घोटा वांचला असता. मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनीं, आणि ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनीं, जमिनीवरच्या बैठकीविषयीं आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून हट्ट धरूं नये.

किती वेळ बसावें, हा प्रश्न उरतो. इगतपुरी येथील धम्मगिरि केंद्रांत १९७६ पासून विपश्यनेचीं दहा दिवसांचीं शिबिरें चालत आलीं आहेत. तेथें पहाटे चार वाजतां उठावयाचें व दिवसाकांठीं सुमारें दहा तास ध्यान करावयाचें असा क्रम असतो, आणि चौथ्या दिवसापासून रोजच्या तीन सामुदायिक बैठकींत तासभर आसन न बदलण्याचा संकल्प करावयाचा असतो. नियम कडक खरा. परंतु तेथेंही दिवसाचे भाग पाडलेले असतात, मध्यें विसांवा असतो, उशा असतात, आणि ज्यांना जमिनीवर बसवत नाहीं त्यांना खुर्ची दिली जाते. जपानांतील झेन मठांतही दोन बैठकींच्या मध्यें उठून सावकाश चालत ध्यान करण्याचा प्रघात आहे. दीर्घ बैठकीचा ज्यांनीं आयुष्यभर अभ्यास केला त्यांनींच शरीराला अशी सवलत ठेवावी, आणि घरीं आठ दिवसांपूर्वीं आरंभ केलेल्या माणसानें ती नाकारावी, हें विचित्र नव्हे काय? गृहस्थानें वीस मिनिटांपासून आरंभ करावा व दर पंधरवड्यास पांच मिनिटें वाढवावीं. घाई कोणालाच नाहीं.

हें सर्व आम्हांस कळलें, पण काकूंना तें पटविणें निराळें. "खुर्चीवर बसून जप करा," असें आम्हीं म्हणतांच त्यांनीं कानांवर हात ठेवले. "देवांपुढें पाय खालीं सोडून बसूं? आणि देव खालीं, मी वर?" आम्हीं ग्रंथांचा आधार काढला. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायांत उपासना बसूनच करावी असें म्हटलें आहे. आचार्यांनीं भाष्यांत त्याचें कारण दिलें आहे कीं, चालतांना चित्त विखुरतें, उभें असतां तें देह सांवरण्यांत गुंततें, आणि निजलें असतां निद्रा अवचित गांठते. "म्हणजे निजून जप करणें बरें नाहीं, हें तुमचें मन म्हणतें तें खरें," आम्हीं सांगितलें, "पण बसावयाचें कशावर, याची सक्ति तेथें नाहीं. त्याच अध्यायांत थोड्या पुढच्या सूत्रांत, जेथें चित्त एकाग्र होईल तेथें, एवढाच नियम आहे."

काकू कांहीं कच्च्या नाहींत. त्यांनीं गीतेचा सहावा अध्याय पुढें केला. तेथें आसन फार उंच नसावें असें सांगितलें आहे. आम्हीं म्हटलें, "फार खालीं नसावें असेंही तेथेंच सांगितलें आहे. ज्या गुडघ्यांना जमिनीवरून उठतां येत नाहीं त्यांना जमीन फारच खालीं नाहीं काय?" यावर त्या हंसल्या, पण देवांहून उंच बसण्याचा प्रश्न तसाच राहिला. तो सोडविला आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें. ती म्हणाली, "मग देवांनाच वर बसवा कीं!"

दसऱ्याच्या आधीं सुतारास बोलावून देवघरांतला देव्हारा भिंतीवर पक्क्या घोडीवर घेतला, इतका उंच कीं खुर्चीवर बसणाराची मान देवांच्या पायांखालींच राहावी. खुर्ची लांकडी, हात नसलेली, बैठक सपाट. पाठ टेंकण्याची गरज पडूं नये म्हणून पुढें सरकून बसावयाचें, आणि थकवा आलाच तर टेंकावयास मागें एक लहान लोड. काकूंचे पाय जमिनीला पुरते पोंचत नव्हते. तेव्हां त्यांचा तो जुना पाटच पायांखालीं घेतला, वर घोंगडीची घडी. त्यावर पाय ठेवण्यापूर्वीं त्या त्याला नमस्कार करतात, आणि त्याबद्दल कोणी कांहीं बोलत नाहीं.

पहिल्या दिवशीं त्या वीस मिनिटांत बाहेर आल्या. कार्तिकी एकादशीपर्यंत माळा पूर्वीप्रमाणें पुऱ्या होऊं लागल्या, आणि त्यानंतरचा अर्धा तासही परत आला. आतां देवघराचें दार पहाटे बंद असतें तेव्हां आमच्या घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. आम्हीही आमची घोंगडीची घडी घेऊन बाहेरच्या ओसरीवर बसतों, आणि उठण्यापूर्वीं पाय लांब करून बोटें हलवितों.

वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, आपल्या घरांत कोणाचा असा नेम अलीकडे मुकाट्यानें बंद पडला आहे काय, हें एकदां पाहावें. वृद्ध माणसें अशा गोष्टी सांगत नाहींत. "आतां होत नाहीं," एवढें म्हणून तीं दुसऱ्या कामाला लागतात, आणि आपण तें वैराग्य समजतों. त्यांना उपदेशाची गरज नसते. कधीं चार बोटें उंचीची एक घडी हवी असते, कधीं एक खुर्ची, आणि कधीं देव्हारा हातभर वर उचलणारें कोणीतरी.